साखरपुड्यात दिलेलं पुस्तक

शहागडला गोदावरीचा पूल ओलांडला की हायवेच्या कडेला सोमेश्वरचं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान लागतं. दुपारचं जेवण झालं की सोमेश्वर गॅरेजवाल्यांना माल पोचवायला मोटारसायकलवर निघतो आणि दिवस मावळेपर्यंत गल्ल्यावर त्याची बायको साधना बसते. फॅन बेल्ट, ग्रीसचे डबे, हेडलाइटचे बल्ब यांच्या मधोमध एक प्लास्टिकची खुर्ची, वर घरघरणारा पंखा आणि साधनाच्या मांडीवर पुस्तक. नेहमीच्या ड्रायव्हर लोकांना ते सवयीचं झालेलं. तिचं पान संपेपर्यंत ते बिचारे थांबतात.

साधना मूळची काळजीखोर. फोन अवेळी वाजला की आधी तिच्या पोटात गोळा येतो, मग ती तो उचलते. सोमेश्वरला यायला जरा उशीर झाला की हायवेवरचे सगळे अपघात तिच्या डोळ्यांपुढे येऊन जातात. पुस्तक हातात असलं की तेवढा वेळ मन जागेवर राहायचं, म्हणून तिला वाचनाची गोडी लागली.

त्यातही तिचा जीव जडला होता तो 'अभ्रकोट' नावाच्या मालिकेवर. ढगांच्या वर बांधलेला एक किल्ला आणि वयात आल्यावर पंख फुटणारी तिथली माणसं. तिथला राजपुत्र वज्रसेन आणि समुद्रापलीकडून आलेली वैद्याची पोर मृगांका यांच्या प्रेमाची गोष्ट चार जाडजूड भागांत सांगितलेली होती. पण साधनाचं सगळ्यात आवडतं पात्र म्हणजे वज्रसेनची धाकटी बहीण शाल्मली. ती दर भागात चार-दोन पानांपुरती यायची, भावाचे कान पकडायची, सगळ्यांना हसवून जायची. साधनालाही एकच भाऊ. शाल्मली आली की तिला आपण माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

चौथा भाग संपला तेव्हा साधनाला आठवडाभर चुकल्या-चुकल्यासारखं झालं. पुढं दोन वर्षं काहीच आलं नाही. आणि मग या वर्षी नव्या पुस्तकाची जाहिरात तिच्या मोबाइलवर झळकली. पुस्तकाचं नाव होतं 'शाल्मलीची पाठवणी'.

नेमक्या त्याच दिवसांत तिचा भाऊ अंगद याचं लग्न ठरलं.

हे लग्न ठरणं म्हणजे घरादारासाठी केवढी गोष्ट होती, ते साधनाच्या माहेरी, पिंपळगाव रेणुकाईतच राहून समजावं असं होतं. अंगद तिशीचा, निर्व्यसनी, मिरचीचं पीक असं घेतो की बाजारात व्यापारी त्याची गोणी ओळखतात. पण पोरगा काय करतो, शेती करतो, एवढं ऐकलं की पुढची माणसं चहा पिऊन उठायची. एका ठिकाणी तर सुपारी फोडायचा दिवस ठरला आणि आदल्या दिवशी निरोप आला की पोरगी पुण्याला द्यायचं ठरवलंय. त्या दिवशी अंगद शेतात गेला तो पार अंधार पडल्यावर परतला. तेव्हापासून त्यांच्या आईनं, उषाबाईनं, त्याच्यासमोर लग्न हा शब्द काढणं सोडून दिलं होतं.

आणि मग राजूरची अर्पिता हो म्हणाली. तिच्या घरचं गणपतीच्या मंदिराजवळ प्रसादाचं दुकान. ती स्वतः फार्मसीची पदविका घेऊन तिथल्याच एका मेडिकलवर कामाला. बघायच्या कार्यक्रमात बाकीचे बाहेर पोहे खात असताना साधना आत तिच्याजवळ जाऊन बसली. काय बोलावं सुचेना म्हणून तिनं विचारलं, "वाचायची आवड आहे का?"

"आहे की ताई," अर्पिता म्हणाली.

एवढंच ती म्हणाली. पण साधनाला केवढा आनंद झाला. सासरी-माहेरी मिळून तिच्या ओळखीत पुस्तक उघडणारं एक माणूस नव्हतं. तिनं घरी येऊन लगेच 'शाल्मलीची पाठवणी'च्या दोन प्रती मागवल्या, एक स्वतःला आणि एक होणाऱ्या भावजयीला. पुस्तकाच्या नावातच पाठवणी आहे, साखरपुड्यात द्यायला याहून चांगलं काय असणार, असं तिला वाटलं. प्रती आल्या त्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. वाचायला वेळच नव्हता. तिनं एका प्रतीच्या पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'अर्पिता, शाल्मलीसारखीच हसत आमच्या घरी ये. तुझी ताई.' वर चंदेरी कागद गुंडाळला आणि पुस्तक साडीच्या घडीत ठेवून दिलं.

राजूरला साखरपुडा झोकात झाला. निघताना साधना अर्पिताच्या कानाशी लागून म्हणाली, "वाचून कसं वाटलं ते सांग बरं. मी वाट बघून राह्यले."

"हो ताई," अर्पिता म्हणाली.

शहागडला परतल्यावर दुसऱ्याच दिवशी साधनानं गल्ल्यावर बसून आपली प्रत उघडली.

पहिल्या पानावर वज्रसेन होता. दुसऱ्या पानावर मृगांका. मग त्यांची जुळी मुलं, मग तिसऱ्या भागात मेलेल्या सेनापतीची आठवण, मग दुसऱ्या भागातल्या लढाईचा उल्लेख, आणि तोही असा की ती लढाई कोणात झाली हेसुद्धा लेखिकेनं सांगितलं नव्हतं. शाल्मली यायची, खिडकीत उभी राहायची, उसासा टाकायची आणि पुन्हा गोष्ट वज्रसेनच्या जुळ्यांकडं वळायची. साधनाला सगळी माणसं ओळखीची होती, म्हणून ती वाचत गेली. पण तिला वाटू लागलं की लग्नाला जावं आणि तिथं कोणी नव्या नवरीकडं बघू नये, सगळ्यांनी जुन्याच लग्नांच्या गप्पा माराव्यात, तसं हे झालंय. आणि शाल्मली हसत कशी नाही? चार भाग हसवणारी पोर इथं नुसती ओठ चावत बसली होती. जिच्यासाठी दोन वर्षं वाट बघितली ती ही नव्हेच.

साधना खट्टू झाली. पुस्तक मिटून तिनं एका ड्रायव्हरला बल्ब दिला, सुट्टे दिले, आणि पुन्हा बसताना तिच्या मनात आलं की अर्पितानं तर मागचा एकही भाग वाचलेला नाही.

वज्रसेन कोण, मृगांका कोण, पंख कशाचे, काही म्हणजे काही त्या पोरीला कळणार नाही. आपण आनंदाच्या भरात तिच्या हातात गोष्टीचं शेपूट दिलं.

पण खरा घाव पुढं होता. दोन दिवसांनी साधना पुस्तकाच्या मध्यावर आली. शाल्मलीचं लग्न खालच्या मैदानातल्या एका सरदाराशी ठरलेलं असतं. मांडव सजतो, अंतरपाट धरला जातो, आणि शाल्मली सगळ्यांसमोर पंख उघडून उडून जाते. जाताना म्हणते, 'मातीत राहणाऱ्यांच्या घरात मी पंख मिटून बसणार नाही.'

साधनानं ते वाक्य पुन्हा वाचलं. मैदानातल्या लोकांनी शाल्मलीच्या आईचे पंख छाटले होते, ते दुसऱ्या भागात आलंय. ज्यानं तो भाग वाचलाय त्याला तिचा राग समजतो. या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ नव्हती. नव्यानं वाचणाऱ्याला दिसणार ते एवढंच की एक पोरगी मातीतल्या माणसाला नाकारून भर मांडवातून निघून जाते. आणि पहिल्या पानावर नवऱ्याच्या बहिणीच्या अक्षरात लिहिलेलं, शाल्मलीसारखीच ये.

"अहो," सोमेश्वर आल्या-आल्या ती म्हणाली, "माझ्या हातून एक गोष्ट झालीय."

सोमेश्वरनं हातातलं खोकं खाली ठेवलं. त्याला वाटलं, कोणाला चुकीचा बेल्ट दिला असेल. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, "पुस्तकानं कुठं लग्न मोडतं का?"

"पुण्याच्या नुसत्या नावानं मोडलं होतं की एक."

सोमेश्वर हातपाय धुवायला आत गेला.

त्या संध्याकाळी साधनानं अर्पिताला मेसेज टाकला, 'कुठपर्यंत आलं पुस्तक?' मेसेज वाचला गेल्याची निळी खूण आली. उत्तर आलं नाही. स्वयंपाक करताना, भांडी आवरताना ती पुन्हा पुन्हा मोबाइल बघत राहिली. उत्तर आलं ते दुसऱ्या दिवशी, 'वाचतेय ताई'. ना पुढं काही, ना एखादं हसरं चित्र. साधनानं त्या दोन शब्दांचे दहा अर्थ लावले.

चार दिवसांनी अंगदचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो जरा घुटमळला. "ताई, तुला एक विचारू? अर्पिता नीट बोलंना गेलीय. साखरपुड्यानंतर रोज फोन करायची. आता काही विचारलं की म्हणती नंतर सांगते. तुला काही बोलली का?"

"न्हाई रे," साधना म्हणाली. "दमत असंल. मेडिकलवर दिवसभर उभं राहावं लागतं."

"तसंच असंल," अंगद म्हणाला. पण फोन ठेवायच्या आधी तो जो थांबला, ते थांबणं साधनाला ओळखीचं होतं. मागचं लग्न मोडलं तेव्हा तो असाच अर्ध्या वाक्यावर थांबायचा.

त्यानंतर आईचा फोन. "अगं, राजूरच्या विहीणबाईचा निरोप आल्ता. तारखेचं जरा थांबा म्हणल्या. आपलं कार्यालय त्या दिवशी दुसऱ्याला गेलंय म्हणत्यात. खरं का खोटं देव जाणे." उषाबाईचा आवाज अगदी बारीक झाला होता. "साधना, यावेळी काही झालं ना, तर मी अंगदकडं बघू शकणार न्हाई."

साधनानं आईला धीर दिला आणि फोन ठेवून खुर्चीत बसून राहिली. काउंटरवर कोणी दोनदा हाक मारली तेव्हा तिला ऐकू आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं सोमेश्वरला सांगितलं की गणपतीच्या दर्शनाला राजूरला जाऊन येते. सोमेश्वरनं तिच्याकडं बघितलं आणि म्हणाला, "जा. जे असंल ते समोरासमोर कळू दे. इथं बसून तू आजारी पडशील."

शहागडहून अंबड, अंबडहून जालना, जालन्याहून राजूर. सगळी वाट ती मनात वाक्यं जुळवत होती. 'ती नुसती गोष्ट आहे गं.' हे नको, म्हणजे आपणच लक्ष वेधल्यासारखं. 'चुकून दुसरं पुस्तक गेलं.' हे तर साफ खोटं, पानावर स्वतःचं अक्षर आहे. 'अंगद तसा न्हाई.' तसा म्हणजे कसा? एसटी खड्ड्यातून गेली की वाक्य तुटायचं आणि ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

राजूरला उतरल्यावर ती देवळात गेली, पण हात जोडून काय मागावं हे तिला धड सुचलं नाही. तशीच प्रसादाच्या दुकानात गेली. अर्पिताची आई कांताबाई पेढ्यांचे पुडे बांधत होती. तिला बघून कांताबाई लगबगीनं उठली, दुकान नवऱ्यावर सोपवून तिला मागं घरात घेऊन गेली. पाणी दिलं, चहा टाकला. टीव्हीशेजारी ते पुस्तक होतं. त्याचा चंदेरी कागद तसाच कव्हरासारखा घातलेला.

"बरं झालं तुम्हीच आल्या," कांताबाई म्हणाली. "त्या पुस्तकाचंच बोलायचं होतं तुमच्याशी."

साधनानं हातातली चहाची बशी खाली ठेवली.

"मी काही शिकलेली न्हाई ताई," कांताबाई पुढं म्हणाली. "पण पोरगी ड्युटीवरनं आली की ते घेऊन बसती आणि रडकुंडीला येती. जेवायला ध्यान न्हाई. विचारलं तर सांगंना. त्यात असं काय लिहिलंय?"

साधनानं तोंड उघडलं, पण बसमध्ये जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बाहेर आलं नाही. तेवढ्यात दारात चपला वाजल्या. अर्पिता जेवणाच्या सुट्टीत घरी आली होती. साधनाला समोर बघून तिचा चेहराच उतरला. ती आईला म्हणाली, "तू दुकानात जा बरं जरा." कांताबाई दोघींकडं बघत बघत गेली.

अर्पिता खाली मान घालून समोर बसली. साधनानं मनाशी म्हटलं, आता ऐकायचं.

"ताई, माझं पुस्तक वाचून झालं न्हाई," अर्पिता म्हणाली. "तीनदा सुरू केलं. चाळीस पानांच्या पुढं जाताच येईना. तो वज्रसेन जिवंत आहे का मेलाय, तेच कळंना. ती मृगांका त्याची बायको का बहीण? नावं लिहून बघितली, तरी न्हाई. तुम्ही म्हणल्या होत्या कसं वाटलं सांग. मला वाटलं, तुम्ही माझी परीक्षा घेऊन राह्यल्या. मी वाचायला आवडतं म्हणले ते खोटं न्हाई. पण मी आपलं पेपरातल्या पुरवण्या, दिवाळी अंक, असं वाचते. असलं जाड पुस्तक मी कधी हातात धरलं न्हाई. तुमचा मेसेज आला की छातीत धडधडायचं."

साधना तिच्याकडं बघतच राहिली. छातीवरचा धोंडा कोणीतरी अर्धा सरकवल्यासारखं झालं. चाळीस पानं. म्हणजे मांडवापर्यंत ती पोचलीच नव्हती.

"अगं, तुझी काही चूक न्हाई," ती म्हणाली. "त्याच्या आधी चार भाग आहेत. ते वाचल्याशिवाय हे कोणालाच समजायचं न्हाई. मी वाचलेत, तरी मला हे बिलकुल आवडलं न्हाई. शाल्मली म्हणून जिची मी वाट बघितली ती पोरगी त्यात न्हाईच."

"तुम्हालाही न्हाई आवडलं?"

"न्हाई."

अर्पितानं इतका मोठा श्वास सोडला की साधनाला हसू आलं. दोघीही हसल्या. आता पुस्तक पिशवीत घालायचं आणि निघायचं, एवढंच बाकी होतं. पण अर्पितानं विचारलं, "पुढं होतं काय तिचं? पाठवणी होती का?"

साधनानं पुस्तकाकडं बघितलं. होते, असं म्हणून सुटता आलं असतं. पण आज ना उद्या हिनं पुढचं पान उघडलं तर काय, ही काळजी आयुष्यभर पुरली असती. तिनं सगळं सांगितलं. मांडव सांगितला, उडणं सांगितलं, मातीचं ते वाक्यही सांगितलं आणि त्यामागचं आईच्या पंखांचं दुखणंही सांगितलं.

अर्पितानं टीव्हीशेजारचं पुस्तक उचलून मिटलेलंच हातात धरलं. मग म्हणाली, "तिनं उडून जायच्या आधी त्या माणसाला एकदा विचारायला पाहिजे होतं. तुझ्या घरी पंख मिटावेच लागतील का म्हणून."

"म्हणजे?"

"मलाच विचारायचंय ताई. अंगदला." तिनं पहिल्यांदा मान वर केली. "लग्न झाल्यावर मला मेडिकलवरचं काम करू देतील का? तुमच्या पिंपळगावजवळ, भोकरदनच्या एका मेडिकलवर जागा निघालीय. बोलायचं ठरवते आणि फोनवर तोंडच उघडत न्हाई. आधीचं त्यांचं एक मोडलेलं आहे, मला माहीत आहे. मी असं काही विचारलं आणि त्यांना वाटलं ही पण तशीच, तर?"

अंगदला जो अबोला वाटत होता, तो हा होता. साधनाच्या तोंडावर आलं की मी विचारते त्याला, मी समजावते. पण तिनं ते गिळलं. "ते तूच विचार," ती म्हणाली. "तो काय म्हणंल ते मला माहीत न्हाई. आई कुरकूर करंल, तेवढं मात्र माहीत आहे. पण तो ऐकून घेणारा आहे. आणि आधीच विचार, जल्दी विचार. मागाहून विचारलंस तर त्याला जास्त लागंल."

अर्पितानं मान हलवली. तारखेचं साधनानं दबकत दबकत विचारलं, तर कार्यालय खरोखरच दुसऱ्याला गेलं होतं. कांताबाई आठवडाभर दुसरं कार्यालय शोधत होती.

निघताना साधना म्हणाली, "तुला पहिला भाग पाठवू का? तो खरंच चांगला आहे."

अर्पिता क्षणभर अडखळली. "राग मानू नका ताई. नको."

"बरं," साधना म्हणाली, आणि तिला राग आला नाही.

त्याच आठवड्यात अर्पितानं अंगदला विचारलं. तो म्हणाला की मला दोन दिवस दे. ते दोन दिवस साधनानं कसे काढले, तिचं तिला माहीत. मग त्यानं होकार कळवला आणि आईलाही त्यानंच सांगितलं. उषाबाई म्हणाली, सून काय रोज भोकरदनला जायला आणायची का. मग रुसली, मग मानली, मग लग्नाच्या पापडाच्या गडबडीत पुन्हा रुसली. दुसरं कार्यालय मिळालं आणि लग्न मात्र वेळेवर लागलं. पाठवणीला कांताबाई रडली, अर्पिता रडली आणि नवऱ्याकडची असूनही साधना सगळ्यांत जास्त रडली.

'शाल्मलीची पाठवणी' तिनं शेवटपर्यंत वाचलं नाही. मध्यावर दुमडलेलं पान तसंच राहिलं.

लग्नानंतर महिनाभरानं एका दुपारी अर्पिताचा फोन आला. काउंटरवर एक ड्रायव्हर बेल्टसाठी थांबला होता.

"ताई, काल मला यायला उशीर झाला. गाडी पंक्चर झाली होती. तेव्हापासून आई माझ्याशी बोलल्या न्हाईत."

साधना लगेच म्हणाली, "थांब, मी लावते आईला फोन."

"नका लावू," अर्पिता म्हणाली. "मी सहज सांगितलं तुम्हाला. आज आल्यावर मीच बोलते त्यांच्याशी."

फोन बंद झाला. साधनानं आईचा नंबर काढला, बघितला, आणि मोबाइल गल्ल्यावर पालथा ठेवला. मग उठून तिनं ड्रायव्हरला गाडीचं मॉडेल विचारलं. बेल्ट काढून देईपर्यंत दोनदा तिची नजर मोबाइलकडं गेली.